जळक्या डोंगराची राखण

साल झाडांच्या फुलोऱ्याचा बाहा सण होऊन महिना झाला होता. पहाटे माइनोनं दाराची ताटी सारली, तर राखणीची काठी तिच्या कुडाला टेकून उभी होती.

"आली का?" आतून तिच्या नवऱ्यानं, कांदनानं विचारलं.

"आली."

"जोडीला कोण?"

"गुरुबारी असेल. तिचंच घर लागतं पुढं."

जामशोलात चाळीस घरं आणि काठ्या दोन. ज्यांच्या दारात काठी, त्यांच्यातलं एकेक माणूस दिवसभर डोंगरावर फिरणार, आणि उतरल्यावर काठी पुढच्या घराला टेकवणार. आमच्या बापांच्या वेळेपासून हे चालत आलंय. त्याआधी डोंगर टकला होता म्हणतात. आता पायथ्यापासून माथ्यापर्यंत सालाची झाडं आणि झुडपं आहेत. बायका पानं खुडून आणतात, बांबूच्या बारीक चोया टोचून पत्रावळी लावतात, उन्हात घालतात, आणि शनिवारी मोटारसायकलवाला गठ्ठे उचलून बाजाराला नेतो. शेतातला भात पौषापर्यंत पुरतो. पुढं सगळं पानावर.

नियम साधे आहेत. पान हातानं खुडायचं, फांदीवर निम्मं ठेवायचं, लोखंड डोंगरावर न्यायचं नाही. आणि जे घर राखण करत नाही, त्याला पान नाही.

माइनोनं पाण्यातला भात खाल्ला, मिरची चावली, पदर खोचला. कांदना ओसरीवर बांबू फोडत बसला होता. दोन वर्षांपूर्वी तो फणसावरून पडला तेव्हापासून त्याचा उजवा गुडघा वाकत नव्हता. पाय लांब सोडून तो चोया काढायचा, आणि त्याच्यासारख्या बारीक, सरळ चोया गावात कुणाच्या निघत नव्हत्या. त्याची आई रायमात शेजारी पत्रावळ लावत होती. म्हातारीला लांबचं दिसत नव्हतं, पण बोटांना दिसायचं. सात पानं, अकरा टोचे, की पत्रावळ मांडीवरून खाली.

"पूर्वेकडं आधी जा," रायमात म्हणाली. "तिकडं पान जून व्हायला लागलंय. लोकांची नजर तिथंच असणार."

"जाते, आत्या."

काठ्या घेऊन दोघी डोंगर चढल्या. गुरुबारी बोलकी बाई. सुनेचं, कोंबडीचं, बाजारातल्या प्लास्टिकच्या ताटांचं, सगळं तिनं चढाच्या पहिल्या टप्प्यातच संपवलं. उन्हं वर आली तेव्हा पूर्वेच्या उताराकडून आवाज आला. खट्. थोडा वेळ थांबून पुन्हा खट्, खट्.

गुरुबारीचं तोंड मिटलं. "लोखंड आहे."

वाकत, झुडपं बाजूला सारत त्या पुढं झाल्या. पाच बाया होत्या. गुडघ्याएवढे खुंट ठेवून झुडपंच्या झुडपं तोडलेली, फांद्यांचे भारे वेलीनं बांधलेले. उन्हात पांढरी लाकडं दिसत होती. एक बाई पाठमोरी, कंबरेत वाकून कोयती चालवत होती. ते वाकणं माइनोनं ओळखलं. डावा पाय पुढं, टाच जरा उचललेली. तिच्या आईशिवाय असं कुणी उभं राहत नव्हतं.

गुरुबारीनंही ओळखलं. तिनं माइनोचा दंड धरला आणि हळूच म्हणाली, "आपण पश्चिमेकडं होतो. मी काही बघितलं नाही. तूही नाही."

माइनो पुढं झाली. तिच्या पायाखाली पाचोळा वाजला तसं पाचही जणींनी वर पाहिलं. भावजय डांगी सगळ्यांत आधी हसली.

"बघा, आमच्या घरचीच आहे. उगाच जीव घाबरला."

"वहिनी, कोयत्या खाली ठेवा."

"अगं, दोन भारे झालेच. तेवढे घेतो आणि जातो."

"कोयत्या खाली ठेवा. भारेही इथंच राहतील."

डांगीचं हसू गेलं. "आम्हाला चोर म्हणतेस? कुणी सांगितलं ग पूर्वेच्या उतारावर सुपाएवढं पान आलंय म्हणून? मागच्या आठवड्यात आमच्या ओसरीवर बसून कोण बोललं?"

गुरुबारी मागून ऐकत होती. माइनोच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ते तीच बोलली होती. केंदडीही हे तिच्या माहेरचं गाव ओढ्यापलीकडच्या दुसऱ्या डोंगराच्या पायथ्याशी होतं. फाल्गुनाच्या शेवटी तिच्या भावानं, झापाननं, मोहाच्या बुंध्याखालचा पाचोळा पेटवला, फुलं नीट वेचता यावीत म्हणून. वारा फिरला आणि केंदडीहीचा अख्खा डोंगर तीन दिवस जळत राहिला. माहेरच्या अंगणात पानाचा एक गठ्ठा नव्हता. तिथं बसून, आईनं दिलेला गूळ खात, माइनो आपल्या डोंगराची बढाई मारून आली होती.

"मी पानाचं बोलले," ती म्हणाली. "तोडायला बोलावलं नव्हतं."

तिची आई मुगली अजून वाकलेलीच होती. आता ती सरळ झाली, कंबरेला हात लावून. कोयती उलटी करून मूठ तिनं लेकीपुढं धरली.

"घे," ती म्हणाली. "तुझ्या गावचं काम तू कर."

एवढंच. माइनोनं कोयती घेतली. मूठ घामानं ओली होती. बाकीच्या चौघींनी आपापल्या कोयत्या जमिनीवर टाकल्या. डांगी थुंकली आणि भाऱ्याला लाथ मारून उतरू लागली. मुगली सगळ्यांच्या मागून, खुंटांना पाय लागू न देता, सावकाश गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"मी म्हटलं होतं," गुरुबारी म्हणाली. "बघितलंच नसतं तर बरं झालं असतं."

"आणि उद्या ज्यांच्या दारात काठी, त्यांनी हे खुंट बघितले असते, मग?"

गुरुबारी वाकून कोयत्या गोळा करू लागली.

संध्याकाळी मांझीच्या ओट्यासमोर बैठक बसली. मांझी म्हणजे आमचा गावप्रमुख. सुराय मांझी सुका, उंच माणूस, बोलण्याआधी नेहमी तंबाखू मळायचा. पाच कोयत्या त्याच्या पुढ्यात ठेवल्या होत्या. पुरुष पुढं, बायका मागं.

"तोडली किती?" मांझीनं विचारलं.

"साठेक झुडपं," गुरुबारीनं सांगितलं.

"कुणी?"

गुरुबारीनं माइनोकडं पाहिलं. माइनो उठली. नावं तिनंच सांगितली. पहिलं नाव आईचं घेतलं, दुसरं भावजयीचं. बैठकीत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, पोरगी धीराची आहे. दुसऱ्या बाजूनं एक म्हातारा म्हणाला, "इतकी वर्षं केंदडीहीचं कुणी पूर्वेच्या उतारावर आलं नाही. यंदाच बरी वाट सापडली."

गुरुबारीनं मान खाली घातली. ती बोलणार नव्हती, हे माइनोला कळलं. माइनोही बोलली नसती तर गोष्ट तिथंच संपली असती. पण मग आयुष्यभर गुरुबारीच्या तोंडाकडं बघत राहावं लागलं असतं.

"वाट मी दाखवली," माइनो म्हणाली. "माहेरी गेले होते, तिथं बोलले. पान चांगलं आलंय म्हणून. तोडा म्हणून नाही बोलले. पण बोलले."

मांझीचा अंगठा तळहातावर थांबला. मग सगळेच बोलू लागले. शेवटी मांझीनं हात वर केला.

"कोयत्या इथं राहतील. केंदडीहीचा मांझी येईल, माफी मागेल, घेऊन जाईल. ते त्यांचं. आता आपलं. राखणदारानंच कुंपणाची फट दाखवायची नसते. माइनोच्या घराला या हंगामात काठी जाणार नाही."

काठी नाही म्हणजे पान नाही. ते बोलायची गरज नव्हती.

"ती खरं बोलली, म्हणून शिक्षा?" कांदना मागून म्हणाला. तो बांबूच्या सोट्याला टेकून उभा होता.

"खरं बोलली म्हणून एकच हंगाम," मांझी म्हणाला. "खोटं निघालं असतं तर कायमची."

घरी येताना कांदना पाय ओढत पुढं चालत राहिला. रायमात बोलली. चूल पेटवता पेटवता बोलली, भात वाढताना बोलली.

"जीभ तोंडात ठेवायची असते. मी पन्नास वर्षं या गावात आहे, माझ्या दारावरून कधी काठी पुढं गेली नाही. तुझ्या माहेरच्यांनी डोंगर जाळला तो जाळला, आता आमची चूलही विझवा."

"आत्या, भात घ्या."

"घेते. उद्या काय घेऊ ते सांग."

दुसऱ्या दिवशी तिच्याकडची काठी दुसऱ्याच हातानं पलीकडच्या कुडाला गेली. माइनोनं ते दारातून पाहिलं. शेजारणीनं काठी टेकवली आणि नजर चुकवून निघून गेली.

घरात आधीच आणलेली पानं चार दिवस पुरली. पाचव्या दिवशी रायमातच्या मांडीवर काही नव्हतं. ती रिकामी बोटं एकमेकांवर घासत बसली होती. सहाव्या दिवशी तिनं लुगडं नीट केलं, पाण्याचा लोटा घेतला आणि शेजारणीच्या ओसरीवर जाऊन बसली. दुसऱ्याच्या पानांच्या पत्रावळी लावायच्या, संध्याकाळी पदरात शेरभर तांदूळ. जिच्याकडून गावातल्या सगळ्या पोरी पत्रावळ लावायला शिकल्या, ती आता त्यांच्याच ओसरीवर काम मागत होती. शेजारणीची सून तिला म्हणाली, "म्हातारे, टोचे जरा जवळ घे." रायमातनं टोचे जवळ घेतले. कांदनाच्या चोयाही आता घरोघर जाऊन द्याव्या लागत, तांदळासाठी, मिठासाठी.

एका दुपारी गुरुबारी मागच्या दारानं आली. डोक्यावर पानांचा गठ्ठा, वर लुगडं झाकलेलं.

"ठेव. कुणाला कळणार नाही."

"घेऊन जा, गुरुबारी."

"अगं, माझ्या वाटणीतलं आहे."

"तुझ्या वाटणीतलं असेल तर उजेडात, पुढच्या दारानं घेऊन ये. मागच्या दारानं आलेलं पान मला लावता येणार नाही."

गुरुबारी थोडी रागावली. पण गठ्ठा उचलून गेली. माइनो दारात उभी राहिली. समोर ओढ्यापलीकडं केंदडीहीचा डोंगर दिसत होता, चुलीतल्या राखेसारखा करडा. तिनं बराच वेळ त्याच्याकडं पाहिलं. मग आत येऊन कांदनाला म्हणाली, "उद्यापासून मी तिकडं जाते."

"माहेरी?"

"डोंगरावर."

"तिथं काय आहे?"

"मुळं आहेत. सालाचं मूळ जळत नाही. वरचं जळतं. आपला डोंगर टकला होता तेव्हाही मुळंच होती. शेळ्या आणि कुऱ्हाडी लांब ठेवल्या तर पावसाळा लागेपर्यंत धुमारे कंबरेला येतील. जळक्या खुंटाचं पान मोठं असतं."

"आणि लांब कोण ठेवणार?"

"मी."

कांदनानं चोय दातात धरून तिचं टोक सोललं. "एकटी?"

"दुसरं कोणी मिळेपर्यंत."

तो हसला नाही. तिच्यासाठी त्यानं बांबूचा एक सोटा तासून गुळगुळीत केला आणि रात्रीच्या भातातला अर्धा भात सकाळसाठी झाकून ठेवला.

केंदडीहीच्या डोंगरावर चालताना पायाला राख लागायची आणि घामाबरोबर पोटऱ्यांवर काळे ओघळ उतरायचे. सावली कुठंच नव्हती. माइनोनं ओढ्याकाठच्या बऱ्या दिसणाऱ्या तुकड्यापासून सुरुवात केली. खुंटांच्या बुडाशी वाकून बघत गेली. तिसऱ्या दिवशी तिला पहिला धुमारा सापडला. तांबूस, करंगळीएवढा, राखेतून वर आलेला. त्याच दुपारी शेळ्या आल्या आणि तो खाऊन गेल्या.

शेळ्या केंदडीहीच्या मंडलच्या होत्या. तो दगडावर बसून बिडी ओढत होता.

"आवरा की शेळ्या," ती म्हणाली.

"कुणाच्या डोंगरावर बोलतेस? तुझं लग्न होऊन वीस वर्षं झाली."

"डोंगर माझा नाही. पण शेळीनं खाल्लेला धुमारा पुन्हा वर्षभर वर येत नाही."

"तुझ्या भावानं जाळला आणि तू आम्हाला शहाणपण शिकवतेस?"

तो खरं तेच बोलत होता. माइनो सोटा आडवा धरून शेळ्यांपुढं उभी राहिली. एक बोकड तिच्या मांडीला धडकला, ती गुडघ्यावर आली, उठली, पुन्हा उभी राहिली. मंडल हसला. पण तासाभरानं कंटाळून शेळ्या पलीकडं घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. पुन्हा ती आडवी उभी राहिली.

आठवड्याभरात तिची मांडी काळीनिळी झाली. संध्याकाळी कांदना मोहाचं तेल चोळून द्यायचा.

"झापान काय म्हणतो?" त्यानं विचारलं.

"दिसत नाही. गावात तोंड दाखवत नाही म्हणे."

नवव्या दिवशी ती वर गेली तर कुणीतरी आधीच आलेलं होतं. तिची आई. पन्नास पावलांवर, एका जळक्या बुंध्याला टेकून, मांडीवर हात ठेवून बसलेली. माइनो थांबली.

"आई."

मुगली ओढ्याच्या वाटेकडं बघत राहिली. माइनो आपल्या बाजूला जाऊन बसली. दुपारी मंडलच्या शेळ्या चढू लागल्या तेव्हा म्हातारी उठली आणि सरळ मंडलपुढं जाऊन उभी राहिली.

"काय रे, तुझ्या बारशाला पत्रावळी कुणी लावल्या होत्या?"

"तुम्ही लावल्या असतील, काकी."

"असतील नाही, लावल्या. तुझ्या लग्नाला? तुझ्या बापाच्या दिवसांना? पान कुठून आणलं होतं?"

मंडल मान खाजवत राहिला.

"याच डोंगरावरून. तुझ्या पोराच्या लग्नात लोकांना शेळीच्या पाठीवर वाढणार आहेस का? हाक खाली."

त्यानं शेळ्या हाकल्या. मुगली पुन्हा आपल्या बुंध्यापाशी गेली. लेकीकडं तिनं पाहिलं नाही. त्या दिवसापासून ती रोज यायची आणि रोज पन्नास पावलांवर बसायची. दोघींच्या मध्ये डोंगर हळूहळू तांबूस होत गेला.

वैशाखात ऊन पिसाळलं. ओढा आटून डबकी राहिली. माइनो पहाटे निघायची, संध्याकाळी परतायची. ओठ फुटले, टाचांना भेगा पडल्या. एका सकाळी झापान आला. डोक्यावर काटेरी फांद्यांचा भारा, हातांना रक्ताचे ओरखडे. बहिणीपुढं भारा टाकला.

"कुठं लावू?"

"ओढ्याच्या बाजूनं. तिथून गुरं चढतात."

तो दिवसभर काटे रोवत राहिला. निघताना म्हणाला, "वारा फिरेल असं वाटलं नव्हतं."

"मलाही वाटलं नव्हतं की माझ्या बोलण्यावरून कोयत्या निघतील."

दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर आणखी दोघे आले. चार दिवसांनी मंडलच आला, शेळ्या न घेता. केंदडीहीच्या मांझीनं मग दोन काठ्या तोडून घेतल्या आणि घरं मोजली. त्यांच्यात माइनोचं घर नव्हतं. पण राखणीची पहिली बारी कुणाची, असं विचारल्यावर लोकांनी तिचंच नाव घेतलं.

ज्येष्ठात वळवाचे दोन पाऊस झाले आणि धुमारे उसळले. आठ दिवसांत गुडघ्याला आले. पानं रुंद, चमकदार, पण अजून कोवळी. एका सकाळी डांगी टोपली घेऊन चढली आणि सरळ खुडायला लागली.

"वहिनी, अजून नाही."

"माझ्या गावचं पान आहे. आताही तुझी परवानगी लागेल?"

"पान कोवळं आहे. वाळल्यावर आकसेल, चोयेपाशी फाटेल. मोटारसायकलवाला एकदा परत करेल, मग केंदडीहीचा गठ्ठा कधी उचलणार नाही."

"माझी पोरं पान जून होईपर्यंत थांबतील का? तुझी एक लेक, तीही वसतिगृहात सरकारचं खाते."

डांगीच्या गळ्याची हाडं वर आली होती. ती खोटं बोलत नव्हती. माइनोनं डांगीच्या टोपलीतलं एक पान घेतलं, चोय टोचली. चोयेच्या दोन्ही बाजूंनी पान चिरलं. दुसरं घेतलं, तेही चिरलं. डांगी बघत राहिली. मग टोपली जमिनीवर ठेवून खाली बसली आणि रडली, तोंडावर पदर न घेता.

त्या संध्याकाळी माइनोनं घरी येऊन कांदनाला सांगितलं. रायमात ऐकत होती. त्या दिवशी मिळालेल्या शेरभर तांदळाचे तिनं दोन वाटे केले.

"एक तुझ्या वहिनीला नेऊन दे," म्हातारी म्हणाली. "आणि सांग, पंधरा दिवस थांब म्हणावं. जून पान मी ओळखते. मला घेऊन चल तेव्हा."

"आत्या, चढ आहे."

"चढ मी तुझ्या आधीपासून चढते."

पंधरा दिवसांनी आषाढाच्या तोंडाशी ती चढली. माइनोचा खांदा धरून, जागोजागी थांबत. वर येऊन तिनं एक पान खुडलं, कानापाशी नेऊन चुरगाळलं, आवाज ऐकला. दाताखाली देठ धरला. सगळं केंदडीही गाव भोवती उभं होतं.

"खुडा," रायमात म्हणाली. "निम्मं ठेवा. वरून नाही, बाजूनं."

बायका पसरल्या. म्हातारी तिथंच खडकावर बसली, कांदनाच्या चोयांची जुडी सोडली आणि पत्रावळ लावू लागली. ही पानं एवढी मोठी की पाचच पुरत होती. मुगली आपल्या बुंध्यापासून उठून आली आणि विहिणीच्या समोर बसली. तिनंही चोय उचलली. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडं न बघता लावत राहिल्या. थोड्या वेळानं रायमात म्हणाली, "विहीणबाई, टोचा जरा मोठा घेता तुम्ही."

"आमच्याकडं असाच घेतात. वरण गळत नाही."

"आमचं कधी गळलं नाही."

"तुमच्याकडचं वरण घट्ट असेल."

रायमात हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा माइनोनं तिला हसताना पाहिलं.

शनिवारी मोटारसायकलवाल्यानं केंदडीहीचा पहिला गठ्ठा सोडून बघितला, पत्रावळ उन्हासमोर धरली, वाकवली, आणि गठ्ठा पुन्हा आवळून मागच्या गठ्ठ्यांवर बांधला. त्यानंच जामशोलात जाऊन सांगितलं असावं. कारण तिसऱ्या दिवशी सुराय मांझी डोंगर चढून आला.

आभाळ भरलेलं होतं. माइनो काटेरी कुंपणात पडलेली फट बुजवत होती. मांझी झुडपांमधून फिरला, पानं हातात घेऊन पाहिली, खुंट पाहिले. एका खुंटाजवळ बसला आणि तंबाखू मळू लागला.

"एवढं पान," तो म्हणाला. "आग लागून चार महिनेही झाले नाहीत."

"मुळं होती, मांझीबाबा."

"हं." त्यानं तंबाखू ओठात धरली. "बैठक बसली होती काल. गुरुबारीनं विषय काढला. हंगाम संपायची वाट बघायची गरज नाही, असं ठरलं. उद्या सकाळी काठी तुझ्या दारात येईल."

माइनोनं काट्याची फांदी दाबून बसवली. बोटात काटा गेला. तो तिनं दातांनी काढला.

"उद्या नाही जमणार."

"म्हणजे?"

"उद्या माझी इथं बारी आहे."

मांझीनं तिच्याकडं नीट पाहिलं. तिच्या मांडीएवढ्या उंचीची झुडपं, पायाच्या भेगांत अजून उरलेली राख, बाजूला ठेवलेला सोटा. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असावा, पण तो टिकला नाही.

"मग परवा?"

"परवा येते. आणि मांझीबाबा, पूर्वेच्या उतारावर तोडलेल्या झुडपांना धुमारे फुटले असतील. ते बायकांना यंदा खुडू देऊ नका. पुढच्या वर्षी दुप्पट येतील."

"हे तू सांगणार बैठकीत?"

"सांगेन."

पावसाचे मोठे थेंब पडू लागले. मांझी उठला, गुडघ्यांवर हात ठेवून. पन्नास पावलांवरून मुगली आली. डोक्यावर तिनं पानांचं इरलं घेतलं होतं. मांझीला नमस्कार करून ती म्हणाली, "पाऊस थांबल्यावर उतरा. ओढ्याचा दगड निसरडा आहे."

मग कुंपणाकडं वळली. लेकीच्या हातातली काट्याची फांदी तिनं काढून घेतली, बोटातून आलेलं रक्त बघितलं, आणि अंगठ्यानं पुसलं.

"तू खडकाखाली जाऊन बस," मुगली म्हणाली. "फट मी बुजवते. तुला लहानपणापासून काटा नीट धरता येत नाही."

माइनो खडकाखाली गेली नाही. ती आईच्या बाजूला बसली आणि फांदी कशी धरायची ते बघत राहिली.